ह्युमिक टाकलं की सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी खरंच वाढतात का?

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. कागल तालुक्यातनं लिहितोय. आमच्याकडं आडसाली ऊस, मग खोडवा, आणि खोडवा तुटला की त्या रानात खरिपाला सोयाबीन, पाठोपाठ हरभरा, अशी फेरपालट चालते. यंदा फुले संगम टोकायचं ठरवलंय.

बियाणं आणायला गेलो तर दुकानात पोटॅशियम ह्युमेटचं, म्हणजे ह्युमिक आम्लाच्या क्षाराचं, पाकीट पुढं केलं. काळे चमकदार तुकडे, पाण्यात टाकले की लगेच विरघळतात. सांगणं असं की यानं मुळावरच्या गाठी दुप्पट होतात, युरियाचं कामच उरत नाही. घरी आलो तर शेजारचे म्हणाले, नुसता काळा रंग आहे, पैसे वाया.

मला दोघांचंही ऐकून गप्प बसायचं नाही. ह्युमिकचा आणि गाठींचा संबंध नेमका काय आहे ते समजून घ्यायचंय. मागच्या खरिपात लगतच्या तुकड्यातली झाडं काढून बघितली होती. गाठी होत्या, पण बारीक, आणि फोडल्यावर आतनं पांढऱ्या. झाडं पिवळसरच राहिली. त्या रानात ह्युमिकनं फरक पडेल का? आणि बियाला रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) लावणार असेन तर दोन्ही एकत्र चालतं का? माहितगारांनी सविस्तर लिहावं.

माळावरची शेंग

चांगला विषय काढलास. आमच्या पन्हाळ्याच्या बाजूला भुईमुगाला कुणी ह्युमिक घालत नाही, तरी उपटल्यावर मुळं गाठींनी भरलेली असतात. सोयाबीनलाच हे सगळं का लागतं, त्याचाही कुणीतरी खुलासा करा.

सूक्ष्मदर्शक

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळं गाठ कशी तयार होते तिथपासून सुरुवात करते. ते कळल्याशिवाय ह्युमिक त्यात कुठं शिरतं हे कळणार नाही.

सोयाबीनचं कोवळं मूळ मातीत फ्लेव्होनॉइड वर्गातली द्रव्यं सोडतं, त्यात डेडझाइन आणि जेनिस्टाइन ही मुख्य. जवळपास ब्रॅडीरायझोबियम जातीचे जिवाणू असले तर या द्रव्यांमुळं त्यांच्यातली ‘नॉड’ जनुकं कामाला लागतात आणि जिवाणू उलट मुळाला एक रेणू पाठवतात, त्याला नॉड घटक म्हणतात. तो पोचला की केसमुळाचं टोक वाकतं आणि जिवाणू त्या वाकणात अडकतात. तिथून आत एक बारीक नळी तयार होते, तिच्यातनं जिवाणू मुळाच्या आतल्या थरात जातात, तिथल्या पेशी भराभर विभागू लागतात. तीच गाठ. पुढं गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार झालं की ती आतनं गुलाबी-लाल दिसते आणि हवेतलं नत्र बांधायचं काम सुरू होतं. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांत गाठी डोळ्यांना दिसतात, फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत त्यांचं काम जोरात असतं.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे जिवाणूला आत जायची वाट मुळावर सगळीकडं नसते. मुळाच्या टोकामागं जिथं नुकती केसमुळं फुटत असतात, तेवढाच पट्टा उघडा असतो. मूळ पुढं वाढलं की मागचा पट्टा बंद.

आता ह्युमिक. कंपोस्ट, गांडूळखत, लिग्नाइट (तपकिरी कोळसा) यांतून काढलेल्या ह्युमिक द्रव्यांचा मुळांवर ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकासारखा परिणाम होतो, हे बऱ्याच प्रयोगांतून दिसलेलं आहे. मुळाच्या पेशींच्या पडद्यावर प्रोटॉन बाहेर टाकणारा एक पंप असतो. त्याचं काम वाढतं, पेशीची भिंत सैल होते, उपमुळं आणि केसमुळं जास्त फुटतात. केसमुळं जास्त म्हणजे जिवाणूंना शिरायच्या जागा जास्त. हा झाला मुळाच्या बाजूचा भाग.

जिवाणूच्या बाजूनंही काही घडतं. चीनमधल्या संशोधकांनी २०१५ साली सोयाबीनवर गाठी करणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमच्या एका वाणावर काम प्रसिद्ध केलं. पेनिसिलियम बुरशीकडून लिग्नाइट कुजवून घेऊन त्यांनी पाण्यात विरघळणारी ह्युमिक द्रव्यं मिळवली होती. ती दिल्यावर जिवाणूंची संख्या वाढली, झाडावरच्या गाठींची संख्या आणि वजन वाढलं, नत्र बांधणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) कामही वाढलं. त्या द्रव्यांत फ्लेव्होनॉइडसारखी संयुगं सापडली, आणि नॉड जनुकं जागवण्यात ती जेनिस्टाइनपेक्षाही सरस ठरली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण एरवी मूळ जो निरोप जिवाणूला देतं त्याच्याशी मिळताजुळता निरोप ह्युमिकमधूनही जाऊ शकतो, असा याचा अर्थ होतो.

पण दूधगंगाकाठ दादा, ती द्रव्यं बुरशीनं कुजवून काढलेली होती. आपल्याकडं पाकिटात मिळतं ते लिग्नाइट किंवा लिओनार्डाइटला (हवेनं झिजलेलं लिग्नाइट) पोटॅशियम हायड्रॉक्साइड लावून काढलेलं असतं. दोन्हींची घडण सारखीच असेल असं धरून चालू नका.

मातीचा नमुना

ताईंनी फार स्पष्ट लिहिलंय. मी माती तपासणीच्या कामात आहे, मी आकड्यांच्या बाजूनं बोलतो.

एक एकर रानातली वरची १५ सेंटीमीटर माती साधारण ९ लाख किलो भरते. तिच्यात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के धरला तरी ४,५०० किलो कर्ब आधीच आहे. त्यात तुम्ही एक-दोन किलो ह्युमेट घालणार. विहिरीत मूठभर साखर टाकून पाणी गोड होईल म्हणण्यासारखंच ते झालं. दोन किलो सगळ्या मातीत मिसळलं तर एक किलो मातीला दोन मिलिग्रॅमच्या आसपास पडतं. प्रयोगशाळेत मुळांवर परिणाम दिसतो तो बहुतेक वेळा एक लिटर पाण्यात काही दहा मिलिग्रॅमपासून पुढं.

म्हणून ‘जमीन सुधारते, कर्ब वाढतो’ हे जे पाकिटावर लिहिलेलं असतं ते एवढ्या मात्रेत होणं शक्य नाही. होण्यासारखं आहे ते ताईंनी सांगितलं तेच, म्हणजे मुळाला आणि जिवाणूला दिलेला निरोप. आणि तो निरोप बियाच्या अवतीभवती, पहिल्या मुळाच्या जागी पडला तरच उपयोगी. रानभर फेकून काही होत नाही. फुलोऱ्यात पानावर फवारून गाठी वाढतील ही अपेक्षाही धरू नका, तोवर बऱ्याचशा गाठींची जागा ठरून गेलेली असते.

दुसरं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून तपासले. ह्युमिक दिल्यावर झाडाच्या वरच्या भागाचं कोरडं वजन सरासरी २२ टक्के आणि मुळांचं २१ टक्के वाढलेलं निघालं. पण ही सगळ्या पिकांची गोळाबेरीज आहे, आणि ह्युमिक कशापासून काढलं, किती दिलं, यावर परिणाम मोठ्या प्रमाणात बदलतो असंही त्यात दिसलं. ‘गाठी दुप्पट’ हे वाक्य त्यातनं निघत नाही.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण हा वाद मातीशास्त्रात मोठा आहे. २०१५ साली ‘नेचर’मध्ये लेहमन आणि क्लेबर यांनी मांडलं की आपण ज्याला ह्युमिक आम्ल म्हणतो ते अल्कलीनं मातीतून काढताना हाती येतं, मातीत स्वतःहून ते तसे मोठे रेणू होऊन बसलेले असतात याला पुरावा नाही. मातीत असतं ते कुजण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे लहानमोठे तुकडे, काही मातीच्या कणांना चिकटलेले. हे पटलं तर पाकिटातलं ह्युमेट हे मातीतल्या ह्यूमसची जागा घेणारं द्रव्य नाही, ते मुळांवर परिणाम करणारं एक वेगळं औषध आहे, असंच धरावं लागतं. मी तसंच धरतो.

दूधगंगाकाठ

म्हणजे शेणखताला पर्याय नाही, आणि टाकायचंच तर बियाजवळ. पण सर, मग माझ्या गाठी पांढऱ्या का होत्या? त्या तुकड्यात मी रायझोबियमही लावलं होतं.

मातीचा नमुना

त्या रानात आधी काय होतं ते तुम्हीच लिहिलंय. ऊस. आडसालीला शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी १६० किलो, आणि आपल्याकडं बरेच जण त्याच्याही वर जातात. सगळंच मागं उरतं असं नाही, पावसानं बरंच वाहूनही जातं. तरी काही रानांत नायट्रेट शिल्लक असतं. मातीत आयतं नायट्रेट मिळत असलं की सोयाबीन गाठी करायचं टाळतं, झालेल्या गाठींनाही साखर कमी पुरवतं. वरनं पेरताना युरिया दिला असाल तर आणखीच. नायट्रेट जास्त असताना ह्युमिक कितीही चांगल्या प्रतीचं द्या, झाड तो निरोप कानावर घेणार नाही.

पण तुमची झाडं पिवळी होती म्हणताय, त्यावरनं मला नायट्रेट जास्त असल्याचं वाटत नाही. नत्र भरपूर असतं तर झाड हिरवंगार आणि गाठी कमी, असं दिसलं असतं. पिवळं झाड आणि पांढऱ्या गाठी, हे वेगळं आहे. ताई काय म्हणतात बघू.

सूक्ष्मदर्शक

मलाही तसंच वाटतं. पिवळं झाड, बारीक पांढऱ्या गाठी आणि त्या मुळभर विखुरलेल्या, असं असेल तर बहुधा चुकीच्या किंवा निकामी जिवाणूंनी केलेल्या गाठी असतात. गाठ तयार होते, पण आत नत्र बांधलं जात नाही. चांगल्या लावलेल्या रायझोबियमच्या गाठी मुख्य सोटमुळाच्या वरच्या भागात, बियाच्या जागेजवळ जमतात, टपोऱ्या असतात. तुमच्या गाठी कुठं होत्या ते आठवतंय का?

पाकीट कुठल्या पिकाचं होतं हेही बघा. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम लागतो. हरभऱ्याचा मेझोरायझोबियम आहे, तो सोयाबीनवर गाठी करत नाही. माळावरची शेंग काकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. भुईमूग, चवळी, मूग यांच्या गाठी करणारे जिवाणू आपल्या मातीत आधीपासून भरपूर आहेत आणि ही पिकं बऱ्याच प्रकारच्या जिवाणूंना चालवून घेतात. सोयाबीन या मातीला त्या मानानं नवीन आहे. ज्या रानात बरीच वर्षं नुसता ऊस होता, तिथं सोयाबीनचे योग्य जिवाणू फार थोडे असतात.

पाकिटाची मुदत आणि साठवणही महत्त्वाची. चूर्णाच्या रायझोबियममध्ये एका ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, द्रवरूपात एका मिलिलिटरला १० कोटी, असा खत नियंत्रण आदेशाचा निकष आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पाकिटात ते उरत नाहीत. आणि हे चूर्ण ज्यात असतं ते बहुतेक वेळा लिग्नाइटच असतं, जगभर पीटही वापरतात. दोन्ही ह्युमिक द्रव्यांनी समृद्ध. जिवाणूंना ते वातावरण मानवतं, हे कुणी ह्युमिक विकायला लागायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

दूधगंगाकाठ

गाठी बाजूच्या मुळांवर पसरलेल्या होत्या, सोटमुळाजवळ फारशा नव्हत्या. आणि पाकिटावर नुसतं ‘कडधान्यांसाठी’ असं होतं, पिकाचं नाव नव्हतं. ते गाडीच्या डिकीत उन्हात बराच वेळ राहिलेलं. ताई, तुमचं म्हणणं जुळतंय.

शिरोळची काळी

आमच्याकडं प्रश्न वेगळा आहे. कृष्णेकाठची भारी काळी जमीन, त्यात क्षारपड. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सोयाबीन आठवडाभर पाण्याखाली होतं, तिथं गाठींचं काय बोलायचं. पण पूर नसलेल्या वर्षीसुद्धा क्षारपड पट्ट्यात गाठी कमी येतात आणि चांगल्या पट्ट्यात बऱ्या येतात, हे डोळ्यांनी दिसतं. तिथं ह्युमिकचा उपयोग होतो का?

मातीचा नमुना

थोडा होऊ शकतो. क्षारांमुळं केसमुळं वाकायचं आणि जिवाणू आत शिरायचं पहिलंच पाऊल अडखळतं, कारण तो टप्पा फार नाजूक असतो. ह्युमिकनं मुळं जास्त फुटली तर काही प्रमाणात भरपाई होते, ताणाखालच्या झाडांवर त्याचा परिणाम दिसल्याचे प्रयोगही आहेत. पण क्षार जाणार नाहीत. ते निचऱ्यानंच जातात. तुमच्या तालुक्यात जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा केलेली रानं आहेत, ती बघून या.

एक मात्र नक्की बघा. बाजारात सोडियम ह्युमेटही मिळतं, ते स्वस्त असतं. आधीच सोडियम जास्त असलेल्या जमिनीत ते घालू नका. लेबलावर पोटॅशियम लिहिलंय की सोडियम, हे वाचल्याशिवाय पिशवी उचलू नका.

आणि पाणी साचणं. गाठीला श्वास घ्यायला हवा लागते, नत्र बांधायला खूप ऊर्जा खर्च होते. एक रेणू नत्र बांधायला एटीपीचे (पेशीत ऊर्जा पुरवणारं द्रव्य) किमान १६ रेणू लागतात, आणि ही ऊर्जा श्वसनातून येते. साचलेल्या पाण्यात गाठी कोंडतात, काळ्या पडून कुजतात. भारी जमिनीत गादीवाफ्यावर टोकण केलीत तर त्यानं जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याही पाकिटानं पडणार नाही.

चंदगडचा डोंगर

आम्ही या सगळ्याच्या उलट्या टोकाला. तांबडी जांभ्याची जमीन, पाऊस धो धो, सामू पाच-साडेपाच. भुईमूग, नाचणी, भात, थोडं सोयाबीन. स्फुरद कितीही घाला, जमिनीत अडकून बसतो. मला वाटतं ह्युमिकचा खरा उपयोग आमच्याकडंच असेल, पण कुणी तसं सांगत नाही. सगळी चर्चा काळ्या जमिनीचीच.

मातीचा नमुना

तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि यावर बोलायला हवंच. आम्लधर्मी जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं स्फुरद पकडून ठेवतात. ह्युमिक आणि इतर सेंद्रिय आम्लं त्याच जागांवर चिकटतात, म्हणून स्फुरदाला थोडी मोकळीक मिळते. सामू साडेपाचच्या खाली गेला की विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांची टोकं मारतं. सेंद्रिय द्रव्यं त्याला बांधून ठेवतात आणि विषारीपणा कमी होतो. गाठीला स्फुरद भरपूर लागतो, आधी सांगितलेल्या एटीपीमध्ये स्फुरदच असतो. म्हणजे तुमच्याकडं कारणं एकाला एक जोडलेली आहेत.

पण इथंही दोन किलोच्या पाकिटानं भागणार नाही. हे काम करायला गाडीभर सेंद्रिय खत लागतं. आणि चुना. सामू वाढला की मॉलिब्डेनमही मिळायला लागतं, आम्ल जमिनीत ते अडकलेलं असतं. नत्र बांधणाऱ्या नायट्रोजिनेज विकरात लोह आणि मॉलिब्डेनम दोन्ही असतात. मॉलिब्डेनम कमी पडलं तर गाठी असूनही काम होत नाही. माती तपासून चुन्याची मात्रा ठरवा, अंदाजानं टाकू नका.

माळावरची शेंग

भुईमुगाचं राहिलं की. ताई, तुम्ही केसमुळाचं सांगितलंत. भुईमुगाला केसमुळं फारशी कुठं असतात?

सूक्ष्मदर्शक

काका, बारीक निरीक्षण आहे तुमचं. भुईमुगात जिवाणू केसमुळातनं आत जातच नाहीत. उपमूळ फुटताना सालीला जी फट पडते, तिथून शिरतात. म्हणून भुईमुगाच्या गाठी बघा, उपमुळाच्या बेचक्यात असतात.

आता माझा तर्क सांगते, पुरावा म्हणून घेऊ नका. ह्युमिकचा सगळ्यांत ठळक परिणाम उपमुळं वाढण्यावर दिसतो. उपमुळं जास्त म्हणजे फटी जास्त. त्यामुळं भुईमुगातही परिणाम दिसायला हरकत नाही, फक्त वाट वेगळी. सोयाबीन, भुईमूग आणि क्लोव्हर या तिन्हींवर ह्युमिक आम्लांचा गाठींच्या दृष्टीनं अभ्यास १९८३ सालीच प्रसिद्ध झालेला आहे, म्हणजे प्रश्न नवा नाही. आपल्या भागात त्याची नीट पाहणी व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण इथं एका जिल्ह्यात गगनबावड्याच्या जांभ्यापासून शिरोळच्या काळीपर्यंत सगळ्या जमिनी आहेत.

गाठींच्या संख्येबद्दलही बोलते. झाड स्वतःच गाठींची संख्या आवरतं. पहिल्या गाठी झाल्या की मुळातून पानाकडं निरोप जातो, पानातून परत मुळाकडं येतो आणि नवीन गाठी थांबवल्या जातात. गाठींना पोसायला साखर लागते, ती झाडालाच द्यायची असते. त्यामुळं गाठी दुप्पट झाल्या म्हणजे चांगलं असं मुळीच नाही. थोड्या पण टपोऱ्या, लाल गाठी असलेलं झाड ढीगभर पांढऱ्या गाठींच्या झाडापेक्षा जास्त नत्र बांधतं. मोजायचंच तर गाठींचं वजन मोजा आणि आतला रंग बघा.

खत-बियाणे दुकान, गडहिंग्लज

मी स्वतः विक्रेता आहे, म्हणून माझंही ऐका. ह्युमिकच्या बाबतीत गिऱ्हाइकाची फसवणूक होते हे खरं आहे आणि त्याचा आम्हालाच जास्त त्रास होतो, कारण शिव्या दुकानाला पडतात. ‘९८ टक्के’ असं मोठ्या अक्षरात असतं. ते बऱ्याचदा पाण्यात विरघळण्याचं प्रमाण असतं, ह्युमिक आम्लाचं नव्हे. २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात जैवउत्तेजकांसाठी (झाडाची वाढ चेतवणारी द्रव्यं) वेगळी तरतूद आलेली आहे आणि त्यात ह्युमिक-फुल्विक आम्लांचा वर्ग आहे. घेताना घटकांचं प्रमाण, उत्पादकाचा पत्ता, बॅच, मुदत हे लेबलावर आहे का बघा आणि पक्की पावती मागा. जो दुकानदार पावती द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडनं घेऊ नका.

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. काचेच्या ग्लासात थोडं द्रावण करा आणि त्यात व्हिनेगर किंवा भरपूर लिंबू पिळा. ह्युमिक आम्ल आंबट पाण्यात विरघळत नाही, ते तपकिरी गोळ्यांसारखं फुटून खाली बसू लागतं. मळीचं पाणी किंवा नुसता रंग असेल तर तो तसाच एकजीव राहतो.

मातीचा नमुना

चाचणी उपयोगी आहे, फक्त फुल्विक आम्ल, म्हणजे ह्युमिकच्याच जोडीचं लहान रेणूंचं द्रव्य, आंबट पाण्यातही विरघळलेलंच राहतं, त्यामुळं फुल्विकच्या बाटलीवर ती चालणार नाही. आणि प्रमाण किती हे त्यातनं कळत नाही. याच कारणानं ठिबकच्या टाकीत फॉस्फोरिक ॲसिड किंवा कॅल्शियम नायट्रेटबरोबर ह्युमेट कधी मिसळू नका, गोळे होऊन ड्रिपर बंद पडतात.

शिरोळची काळी

आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) ढिगानं मिळतं. त्यातही ह्युमिक असणारच ना? मग पाकीट कशाला?

मातीचा नमुना

चांगलं कुजवलेलं प्रेसमड कंपोस्ट हेच आपल्या भागातलं खरं ह्युमिक, असं माझं ठाम मत आहे. ते गाडीनं पडतं, किलोनं नाही, म्हणून मातीवर परिणाम करू शकतं. त्यात स्फुरद आणि कॅल्शियमही असतं. पण ताजं, गरम प्रेसमड पेरणीच्या तोंडावर घालू नका, कुजताना बी भाजतं. खोडव्याचं पाचट जाळण्याऐवजी सरीत कुजवलंत तर त्याचाही फायदा आहे, आणि सोयाबीनच्या बाबतीत तर विशेष: पाचटात नत्र कमी, कर्ब जास्त, म्हणून ते कुजवणारे जिवाणू मातीतलं शिल्लक नायट्रेट ओढून घेतात. उसाला हे नुकसानीचं वाटतं, वरनं नत्र द्यावं लागतं. सोयाबीनला मात्र गाठी करायला भाग पाडणारी ही परिस्थिती आहे. याउलट कोंबडीखत टाकाल तर नत्र वाढून गाठी कमी होतील.

दूधगंगाकाठ

आता चित्र बरंच उघडलं. एकरी १० क्विंटल सोयाबीन काढायचं म्हटलं तर दाण्यातच ६० किलोच्या वर नत्र जातं असं वाचलंय. एवढं युरियानं भागवायचं तर अवघड आहे, गाठी चालल्याच पाहिजेत. यंदा मी रानातच पट्टे पाडून बघतो. कसे पाडू?

सूक्ष्मदर्शक

चार प्रकारचे पट्टे पाडा: काहीच नाही, नुसतं रायझोबियम, नुसतं ह्युमिक, आणि दोन्ही. प्रत्येक प्रकार रानात किमान तीन ठिकाणी आला पाहिजे, एका कडेला सगळं नको, नाहीतर बांधाजवळच्या मातीचा फरक तुम्ही ह्युमिकच्या नावावर मांडाल. रायझोबियम न लावलेले पट्टे आधी टोका आणि मग लावलेले, म्हणजे हाताला आणि टोकणयंत्राला चिकटलेले जिवाणू इकडचे तिकडं जाणार नाहीत. युरिया कुठल्याच पट्ट्यात नको.

गाठी बघायला चाळीस दिवसांच्या आसपास झाडं काढा. उपटायची नाहीत, उपटताना निम्म्या गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्यानं नाहीतर कुदळीनं मातीच्या गोळ्यासकट काढा, बादलीत भिजवा, हलक्या हातानं धुवा. सोटमुळावरच्या आणि बाजूच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या ठेवा, ब्लेडनं कापून रंग लिहून ठेवा. काढणीला प्रत्येक पट्ट्याचं वजन वेगळं घ्या.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्या रानात मोठा फरक रायझोबियमच्या पट्ट्यांत दिसेल. ह्युमिकचा दिसला तर तो ‘दोन्ही’च्या पट्ट्यात दिसेल. एकट्या ह्युमिकच्या पट्ट्यात मुळं वाढलेली दिसतील, पण योग्य जिवाणूच नसतील तर त्या मुळांवर गाठी कोण करणार?

चंदगडचा डोंगर

मी पण करतो. माझ्याकडं भुईमूग आहे, चुन्याचा एक पट्टा जास्तीचा धरतो. आकडे इथंच टाकू.

दूधगंगाकाठ

चंदगडकर, जरूर टाका. ताई, शेवटचा प्रश्न. ‘दोन्ही’च्या पट्ट्यासाठी ह्युमेट आणि रायझोबियम एकाच गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळलं तर चालेल?

सूक्ष्मदर्शक

एकाच पाण्यात नको. पोटॅशियम ह्युमेटचं घट्ट द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं, त्यात जिवाणू ठेवले तर मरतात. रायझोबियम बियाला लावा आणि ह्युमेट पातळ करून टोकणीनंतर बियाच्या ओळीत सोडा. मात्रा लेबलावर आहे तेवढीच, जास्त दिलं तर मुळांची वाढ उलट खुंटते.

बियाला बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, रायझोबियम सगळ्यांत शेवटी. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, गूळ पाण्यात उकळून पूर्ण गार झाल्यावरच त्यात घाला. पाणी अगदी थोडं वापरा, सोयाबीनची साल पातळ असते, जास्त ओलं झालं की सुटते आणि बी उगवत नाही. गोणपाटावर सावलीत पसरून सुकवा आणि त्याच दिवशी टोका. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वाफसा आल्याशिवाय घाई करू नका, कोरड्या गरम मातीत बियावरचे जिवाणू टिकत नाहीत.